साडूंची पाचशे सीसी

रविवार, दि. ११ डिसेंबर १९९४. मुक्काम सटाणा. रक्कम रुपये नऊ हजार पाचशे, रोख. हजर इसम पाच: गाडीचे मालक अप्पा, त्यांची सूनबाई, कांद्याच्या टेंपोचा ड्रायव्हर, माझे साडू आणि मी. या पाचांत शहाणा एकटा ड्रायव्हर. गोठ्यातून ओढून काढलेल्या त्या गंजक्या लोखंडाकडे त्याने एकदा पाहिलं आणि साडूंना म्हणाला, "मास्तर, नाशिकले कशाला नेतस? भंगारवाला आठे बी शे." इथेही भंगारवाला असल्याची ही माहिती साडूंपर्यंत पोचली नाही. ते खाली उकिडवे बसून, गिअरबॉक्सवरचं वाळलेलं शेण काडीने काढत होते.

माझ्या साडूंइतका निरुपद्रवी आणि तरीही इतका संताप आणणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी जबाबदारीने लिहितो. माझं कामच मोजमापाचं. सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. एक शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर माल परत पाठवतो, तेव्हा उगाच मोठं बोलायची मला सवय नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशाने चित्रकला शिक्षक. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाला वावगा शब्द नाही. असल्या माणसावर रागावायचं तरी कुठून? पण मी रागावलो. चौऱ्याण्णव सालापासून सलग रागावलो.

कारण असं, की साडू सिडकोत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. खाली मोकळी जागा होती ती पोरांच्या क्रिकेटची. माझं घर बैठं आणि पुढे पोर्च, नऊ फूट बाय चौदा फूट. टेंपो थेट माझ्या दारात थांबला. मी काही विचारायच्या आत साडू म्हणाले, "आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, साडूभाऊ." ते आठ-पंधरा दिवस अजून चालू आहेत. माझी स्कूटर तेव्हापासून फाटकाबाहेर, उन्हापावसात. तिच्या सीटला तीन वेळा नवं कव्हर घालावं लागलं, आणि आत पोर्चमध्ये १९५१ सालची, बर्मिंगहॅमला जन्मलेली, एका सिलिंडरची पाचशे सीसी मोटरसायकल माझ्या बायकोच्या जुन्या साडीचा बुरखा पांघरून आरामात उभी. साडू तिला नुसतं 'पाचशे' म्हणत. "पाचशे कशी आहे?" असं फोनवर आधी विचारत, मग माझ्या आईच्या दम्याची चौकशी.

दर रविवारी सकाळी साडेसातला ते यायचे. बायको म्हणायची, "भाऊजी आले, पोहे टाकते." मी म्हणायचो, टाक. रविवारी सकाळी मला तीन तास पेपर वाचायला आवडतं. त्याऐवजी मी पोर्चमध्ये बसून बॅटरी धरायचो, किंवा "साडूभाऊ, तुमचं मायक्रोमीटर आणता का जरा" या वाक्याला शरण जाऊन पिस्टन मोजायचो. ज्या दिवशी मी पहिल्यांदा मोजून माप सांगितलं तो माझ्या आयुष्यातला मूर्खपणाचा दिवस. त्यानंतर या गाडीचा असा एकही भाग उरला नाही जो माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोजला गेला नाही. कोथिंबिरीच्या शेजारी व्हॉल्व्ह. मीठ-मसाल्याच्या डब्यात वॉशर. आणि प्रत्येक माप इंचात. माझी सगळी हयात मिलिमीटरमध्ये गेली आणि हे गृहस्थ मला विचारणार, "म्हणजे इंचाचे सोळांश किती?"

शाळेतही तोच प्रकार. स्थिरचित्राच्या परीक्षेला सगळ्या जगात घडा, दोन कांदे आणि एक वांगं मांडतात. साडूंनी टेबलावर मखमलीचा तुकडा अंथरून कार्बुरेटर मांडला. मुख्याध्यापकांनी बोलावून कारण विचारलं तर म्हणाले, "सर, छाया-प्रकाश फार सुंदर पडतो. वांग्यावर एवढा पडत नाही." बरं, पोरांनीही तो काढला. त्यातला एक मुलगा पुढे आमच्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला लागला आणि मला म्हणाला, सरांमुळे आलो. मला या गोष्टीचाही राग आला, कारण मला ती साडूंविरुद्ध वापरायची होती आणि आता वापरता येईना.

सुटे भाग तर कुठे मिळत नसत. साडू भंगार बाजारातून पोती भरून आणत आणि त्यातला पाऊण माल दुसऱ्याच गाडीचा निघे. मग इंग्लंडमधल्या कुणा पेन्शनर म्हाताऱ्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्या म्हाताऱ्याने ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचा एक भाग रजिस्टर पोस्टाने पाठवला, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. पैसे नकोत, गाडी सुरू झाली की एक फोटो पाठवा, असं लिहिलं होतं. साडूंनी भाग गाडीला लावला आणि मोजा पायात घातला. मोजा एकच होता. त्या थंडीत ते उजव्या पायात लोकरीचा आणि डाव्यात सुती घालून शाळेत जात. "किक उजव्या पायाने मारायची ना," हे त्यांचं स्पष्टीकरण.

मी एकदा सरळ विचारलं, रागाने विचारलं, "मास्तर, या लोखंडात आहे काय एवढं? आपल्या इथे चांगल्या शंभर सीसीच्या गाड्या मिळतात. लिटरला सत्तर किलोमीटर जातात. बटण दाबलं की चालू."

साडूंनी हात पुसले. "साडूभाऊ, लढाई नुकती संपली होती. शहरं जळालेली. त्या लोकांना साखरसुद्धा रेशनवर. तशात त्यांनी ही केली. आणि केली ती बहुतेक बाहेर विकायला, देशाला पैसे मिळावेत म्हणून. ज्याने हिचा नट आवळला त्याला स्वतःला ती घेता आली नसेल. तरी त्याने नीट आवळला. म्हणजे बघा."

"आणि गळते ती?"

"ती गळते," साडू म्हणाले. "ते नाकारता येत नाही."

गळते म्हणजे, दिवसाला चौदा थेंब. मी पुठ्ठा ठेवून तीन दिवस मोजले आणि सरासरी काढली. पण हे पुढचं झालं. आधी ती चालू व्हायला २००२ साल उजाडलं. ऑक्टोबरात एका रविवारी साडूंनी कार्बुरेटरवरचं बटण पेट्रोलने बोट भिजेपर्यंत दाबलं, ठिणगी मागे घ्यायची कांडी मागे घेतली, हँडलवरची पट्टी दाबून किक हळूच एका जागी आणून ठेवली, देवघरात उभं राहावं तसे एक क्षण उभे राहिले आणि किक मारली. सातव्या किकला पाचशे बोलली. शेजारच्या बंगल्यातले लोक गच्चीवर आले. मी घड्याळ लावून ठोके मोजले, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना. दहा सेकंदांत एकेचाळीस. एकेक ठोका सुटा, मोजता येईल असा. कारखान्यात मी पंचवीस वर्षं यंत्रं ऐकतोय, कुठलंही यंत्र मोजून घेण्यासाठी असं थांबत नाही. हे मी साडूंना सांगितलं नाही. मी म्हटलं, "धूर फार आहे."

लगेच गिऱ्हाइकं यायला लागली. सिग्नलला उभं राहावं तर शेजारचा रिक्षावाला, "काका, केवढ्याला द्याल?" मुंबईचे एक गृहस्थ, जुन्या गाड्या जमवणारे, माझ्या घरी येऊन, माझ्या खुर्चीत बसून, माझ्या बायकोच्या हातचा चहा पिऊन म्हणाले, "एक लाख दहा हजार." माझा कप बशीत वाजला. साडू म्हणाले, "नाही हो, ती अजून एके ठिकाणी न्यायची आहे." ते कुठलं ठिकाण हे मला माहीत होतं.

ते ठिकाण सटाणा. अप्पा म्हणजे जनावरांचे डॉक्टर. बागलाणात तीस वर्षं ते याच मोटरसायकलवर गावोगाव हिंडले, अडलेल्या गाई सोडवल्या, बैलांच्या खांद्यावर औषधं लावली. चौऱ्याण्णवला गाडी विकताना त्यांना बारा हजार देणारा दुसरा एकजण होता. त्यांनी साडूंना साडेनऊला दिली, एका अटीवर. "एक डाव चालू करीसन आठे आना," ते म्हणाले होते. "माले तिना आवाज आयकना शे." साडूंनी हो म्हटलं, आणि साडू हो म्हटले की ते हो असतं. त्या एका वाक्यावर ही आठ वर्षं गेली; चालू झाल्यावरही लांब न्यायच्या लायकीची होईतो आणखी तीन महिने. आणि जानेवारी २००३ मध्ये सूनबाईंचं पत्र आलं: अप्पांची तब्येत बरी नाही, वय चौऱ्याऐंशी, डॉक्टर काही सांगत नाहीत, गाडीचं विचारतात, जमलं तर लवकर या. साडूंनी रविवार, १९ जानेवारी ठरवला.

गुरुवारी, १६ तारखेला, आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. बायकोने पोर्चमध्ये चटई घालून पाचशेच्या खाली पत्र्याचा ट्रे ठेवला होता. कुणाच्या तरी पायाने तो सरकला. आमच्या साहेबांच्या मिसेस वाकून वाण घेत असताना त्यांच्या नारायणपेठीचा काठ बरोबर तेलात गेला. त्या "असू दे हो" म्हणाल्या, पण ज्या आवाजात म्हणाल्या तो मला पुढचे चार महिने कारखान्यात ऐकू येत होता.

बायका गेल्या. मी पाना काढला.

तेल क्रँककेसच्या खालच्या प्लगमधून येत होतं. तो प्लग घट्ट केला की झालं, असा माझा सरळ हिशेब. साडूंचे इंची पाने घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून तिथेच कोनाड्यात होते. मी त्यांना हात लावला नाही. माझ्या घरात, माझ्या फरशीवर, मी माझाच पाना वापरणार. एकवीसचा पाना जवळजवळ बसला. 'जवळजवळ' हा शब्द मी कामावर कुणाला उच्चारू देत नाही. फरक फक्त सतरा शतांश मिलिमीटरचा होता. पुरेना म्हणून पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला आणि आवळला. साहेबांच्या मिसेसचा चेहरा डोळ्यांसमोर आणून आवळला. प्लग कडक होत गेला, कडक होत गेला, आणि मग लोण्यात फिरावा तसा सैल फिरला. बावन्न वर्षं टिकलेला ॲल्युमिनियमचा आटा मी अर्ध्या मिनिटात खरवडून टाकला होता. तपासणी विभागात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाने.

शुक्रवारी सकाळी तेलाच्या टाकीतलं सगळं तेल पोर्चमध्ये होतं. साडू आले, पाहिलं. मी म्हटलं, "प्लगचा आटा गेलाय." कुणी घालवला ते बोललो नाही. साडूंनीही विचारलं नाही. ते खाली बसून फडक्याने फरशी पुसू लागले. वीस मिनिटं. मी घड्याळात पाहत होतो. त्यांनी एक शिवी घातली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती, स्कूटर, फरशी, साडी, आठ वर्षं. ते उठले आणि म्हणाले, "सूनबाईंना फोन करतो. पुढचा रविवार म्हणतो." दोन पावलं जाऊन थांबले. "तोवर राहतील ना हो अप्पा?"

मी सहा वर्षांत पहिल्यांदा अर्धी रजा टाकली आणि सातपूरला चाचांच्या गाळ्यावर गेलो. चाचा म्हणजे आमच्या कारखान्याची अडलेली कामं करणारे जुने टर्नर. सगळ्यांच्या लेथ नव्या, मिलिमीटरच्या. चाचांची लेथ त्यांच्याच वयाची, इंची आट्याची. म्हणाले, भोक थोडं मोठं करून नवा आटा पाडू, त्याच्या मापाचा प्लग बनवू. पण आधी बघायला पाहिजे. संध्याकाळी ते माझ्या पोर्चमध्ये पोत्यावर उताणे पडून गाडीखाली गेले. मी आणि साडू दोन्ही बाजूंना उभे. चाचांनी जुना प्लग हातात घेऊन बॅटरीच्या उजेडात फिरवला.

"ये तो पाइप लगाके घुमाया है," ते खालून म्हणाले. "कोण गाढव होता साहेब?"

"मीच," साडू म्हणाले. ताबडतोब. जणू कुणी हजेरी घेत होतं.

चाचा हसले. "मास्तर, तुम्ही पोरांना चित्रं शिकवा."

"खरं आहे," साडू म्हणाले.

आजवर या माणसाने माझं पोर्च घेतलं, रविवार घेतले, ओटा घेतला, आणि आता माझा गुन्हाही घेऊन टाकला, न विचारता. मला याचा जेवढा राग आला तेवढा त्या चौदा थेंबांचा कधी आला नव्हता. आणि त्या रागात मी गप्प बसलो, हे इथे नमूद करतो.

चाचांनी बुधवारी प्लग आणून बसवला. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी सटाण्याला जाऊन या. गळला तर एक रुपया नको."

रविवार, २६ जानेवारी. सकाळी सहाला निघालो. मला यायची गरज नव्हती. पण त्या प्लगवर नजर ठेवायला कुणीतरी हवं होतं, आणि साडूंचा माझ्याइतका तपासणीवर विश्वास नाही. आग्रा रोडने पिंपळगाव, चांदवड, मग देवळा. ब्याण्णव किलोमीटरला सव्वातीन तास. दर पंधरा किलोमीटरला मी थांबायला लावलं आणि पांढरा रुमाल प्लगवर दाबून पाहिला. रुमाल कोरडा. चांदवडला साडू म्हणाले, "साडूभाऊ, रुमाल आता घडी घालून ठेवा. लोकांना वाटेल गाडीला सर्दी झालीय." वाटेत शेतांतून माणसं उभी राहून बघत होती. देवळ्याच्या अलीकडे एक म्हातारा बैलगाडी थांबवून ओरडला, "ढोरना डॉक्टरनी गाडी शे का रे ती?" साडूंनी मान हलवली, आणि मागून मला दिसलं, त्यांची पाठ एकदम ताठ झाली.

अप्पा अंगणात उन्हाला बाजेवर होते. साडूंनी गाडी बंद न करता बाजेपर्यंत आणली. अप्पांनी हसून हात जोडले, गाडीकडे पाहिलं आणि सुनेकडे. आवाजाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तेव्हा सूनबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "भाऊ, दिवाळीपासून त्यांना ऐकू येत नाही. काहीच नाही. पाटीवर लिहून दाखवावं लागतं. पत्रात लिहिलं असतं तर तुम्ही आला नसता."

मला वाटलं त्या अंगणात काहीतरी फोडावं. आठ वर्षं. एक लाख दहा हजार. सत्तर-ऐंशी रविवार नाही, चारशेच्या वर रविवार. आणि पाटीवर खडूने लिहून दाखवायचं, 'गाडी चालू आहे.' मी साडूंकडे पाहिलं. त्यांना यातलं काही सुचलेलं दिसलं नाही. त्यांनी ठिणगी मागे घेतली, ठोके सुटे झाले. मग गाडी बाजेला अगदी लावून स्टँडवर घेतली आणि अप्पांचा हात धरून पेट्रोलच्या टाकीवर ठेवला.

अप्पांनी डोळे मिटले. टाकीवरची बोटं हलत होती, तबल्यावर हलतात तशी. मग भुवया जवळ आल्या.

"टाइमिंग मांगे शे," ते म्हणाले.

साडूंनी पाटी घेऊन लिहिलं: 'गुडघा दुखतो. किक उलटी बसू नये म्हणून दोन अंश मागे ठेवलं आहे.'

अप्पांनी वाचलं आणि मोठ्याने हसले. "कान गयात," त्यांनी तळहात दाखवला, "हात शे." आणि तो हात पुन्हा टाकीवर ठेवला. पेट्रोल राखीववर येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही. कुठल्या गावच्या कुठल्या गाईला कुठला अडथळा होता ते सांगत राहिले. साडू त्यांच्या बाजेखाली जमिनीवर बसून ऐकत होते, आणि मी रुमाल हातात धरून उभा होतो, कारण तो दुसरीकडे कुठे ठेवावा ते सुचलं नाही.

अप्पा त्या चैत्रात गेले. साडू आता निवृत्त आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, किक मारणं डॉक्टरांनी बंद केलंय. तरी रविवारी साडेसातला येतात, पोहे खातात, बुरखा काढून तिच्याशेजारी स्टूल टाकून बसतात. फारसं बोलत नाहीत. एखाद्या रविवारी त्यांना यायला आठ वाजले तर मी फाटकापर्यंत जाऊन येतो. त्या प्लगबद्दल आम्ही दोघं आजवर एक अक्षर बोललेलो नाही.

राहिला चाचांचा व्यवहार. सटाण्याहून आल्यावर सोमवारी मी गाळ्यावर गेलो. चाचांनी लेथ थांबवली. "गळली?"

"प्लगमधून नाही," मी म्हटलं. "बाकी ठिकाणांहून रोज नऊ थेंब."

"वो उसकी आदत है. साठ द्या."

मी साठ काढले, हातात ठेवले, आणि तिथेच उभा राहिलो.

"चाचा, पाइप मी लावला होता. मास्तरांनी नाही."

चाचांनी नोटा पाहिल्या, मला पाहिलं. "मग सत्तर," ते म्हणाले. "मास्तर गरीब माणूस म्हणून साठ सांगितले होते."

मी चाचांना सत्तर रुपये दिले.